जुन्या गाडीचा दिवा मंद का जळतो?



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शिरपूरकडच्या एका गावी हरभऱ्यावरील घाटेअळीची बैठक आटोपून मी चोपड्याच्या रस्त्याने परत निघालो होतो. रात्रीचे साडेआठ वाजले असतील. समोरून एकच दिवा येत होता. मोटारसायकल असेल अशा समजुतीने मी तिच्यापुरती जागा सोडली आणि पुढे निघालो. अगदी जवळ आल्यावर दिसले, की तो ट्रॅक्टर होता आणि रस्त्याच्या मध्याकडचा त्याचा दिवा बंद होता. माझ्या गाडीचा आरसा आणि त्याचे मोठे चाक यांत हातभर अंतर राहिले असेल.

मी पुढे जाऊन थांबलो. ट्रॅक्टरही थांबला. चालविणारे आबा साठीच्या पुढचे होते. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "सायेब, बल्ब ते नवाच टाकेल शे, पन उजेड पडतच नही." दोन महिन्यांत तिसरा बल्ब होता तो. दुसरा दिवा जळत होता, पण बिडीच्या विस्तवासारखा तांबूस.

माझ्या गाडीत हातभर वायर होती. तिचे एक टोक बंद दिव्याच्या पत्र्याच्या डब्याला आणि दुसरे इंजिनाच्या एका स्वच्छ बोल्टला टेकविले. दिवा भक्कन पेटला. आबा बघतच राहिले. बल्ब चांगला होता, बॅटरी चांगली होती. फक्त विजेची परतीची वाट गंजाने बंद झाली होती.

बियाणे आणि कीडनियंत्रण यांवर लिहिणारा हा कृषी अधिकारी आज दिव्यांवर का लिहू लागला, असे आपणांस वाटेल. त्याचे कारण शेवटी सांगतो. आधी कामाचे बोलू.

आपल्या जळगाव-धुळे भागात जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. कोणाच्या खळ्यात वडिलांच्या वेळची जीप उभी असते, कोणाकडे ॲम्बॅसेडर, तर कोणाकडे जुना बी-२७५ ट्रॅक्टर अजून पेरणीला उतरतो. १९४७ नंतर महिंद्र कंपनी अमेरिकेच्या विलीज जीपचे भाग आणून मुंबईत जुळवू लागली. अमेरिकेत १९५३ साली निघालेला उंच नाकाडाचा सीजे थ्री-बी हा नमुना पुढे आपल्याकडे इतकी वर्षे चालला, की जीप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तोच उभा राहतो. बी-२७५ बनविणारी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९६३ साली स्थापन झाली. या गाड्यांचे लोखंड अजून दणकट आहे. इंजिन बांधून मिळते, रंग मारून मिळतो. दिव्यांकडे मात्र कोणी पाहत नाही. 'जुन्या गाडीचा उजेड एवढाच असतो' असे म्हणून माणूस गप्प बसतो.

हे म्हणणे खरे नाही. गाडी नवी होती तेव्हा याच दिव्यांवर लोक रातोरात मुंबई गाठीत होते.

जाता जाता एक गंमत सांगतो. अगदी सुरुवातीच्या मोटारींचे दिवे विजेचे नव्हतेच. कार्बाइडवर पाण्याचे थेंब पाडून जो ॲसिटिलीन वायू निघतो, तो दिव्यात जाळीत. म्हणजे तेच कार्बाइड, ज्यावर केळी पिकविण्यास कायद्याने बंदी आहे आणि तरीही काही ठिकाणी पुड्या बांधून ते वापरले जाते! त्याचा उपयोग दिव्यात होता, तोवरच बरे होते.

नानांची जीप

रावेर तालुक्यात माझ्या ओळखीचे एक केळी बागायतदार आहेत. वयाने मोठे म्हणून आम्ही सारे त्यांना नाना म्हणतो. त्यांच्या वडिलांनी १९७४ साली घेतलेली पेट्रोलची जीप गेली बारा वर्षे गोठ्यालगतच्या पडवीत उभी होती. नातू आय.टी.आय. झालेला आहे. त्याने ती सुरू केली, हिरवा रंग दिला आणि उजेड कमी पडतो म्हणून बाजारातून झगझगीत पांढरे एलईडी बल्ब आणून बसविले. पहिल्याच रात्री समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला त्याला अप्पर मारून शिव्या देऊन गेला. बरे, इतका झगझगाट असून जीपसमोरचा खड्डा दिसत नव्हता तो नव्हताच. नानांनी मला बोलाविले. मी काही वायरमन नव्हे. पण माझीही एक जुनी जीप आहे आणि तिने मला बरेच शिकविले आहे.

आम्ही जुने बल्ब परत लावले, इंजिनाला थोडी रेस ठेवली आणि मल्टिमीटर घेतला. हे यंत्र दोन-तीनशे रुपयांत मिळते आणि विहिरीवरच्या मोटारीसाठीही उपयोगी पडते. बॅटरीवर १३.२ व्होल्ट भरले. दिवा पेटलेला असताना बल्बच्या दोन टोकांवर भरले फक्त १०.४. म्हणजे २.८ व्होल्ट वाटेतच गळाले.

ठिबक असलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पंपाजवळच्या मीटरवर दाब पुरेसा दिसतो. पण फिल्टर तुंबलेला, नळी बारीक, जोड गळका असेल, तर शेवटच्या झाडाला थेंबही मिळत नाही. तेव्हा आपण पंप बदलतो का? आधी फिल्टर धुतो. दिव्याचेही तसेच आहे. फरक एवढाच, की ठिबकचे पाणी परत येत नाही. विजेला मात्र बॅटरीपासून बल्बपर्यंत जाऊन पुन्हा बॅटरीपर्यंत यावेच लागते. गाडीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचा सांगाडा. मिस्त्री लोक तिला 'अर्थ' किंवा 'बॉडी' म्हणतात. येताना तुंबली काय किंवा जाताना, दिव्याला सारखेच.

तारेच्या बल्बचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवा. व्होल्टेज १० टक्के घटले तर उजेड १० टक्के घटत नाही, जवळजवळ ३० टक्के घटतो. २० टक्के घटले तर निम्मासुद्धा उजेड उरत नाही. नानांच्या जीपमध्ये घट २१ टक्के होती. नातवाने हजार-बाराशे रुपये बल्बांवर घातले, पण दुखणे तिथे नव्हतेच.

गळती कुठे आहे ते कसे शोधावे? दिवा पेटता ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरे दिव्याच्या डब्याला लावा. काटा जवळजवळ शून्यावर हवा, ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. नानांच्या जीपमध्ये तिथे १.१ भरले. मग एक टोक बॅटरीच्या प्लसवर ठेवून दुसरे क्रमाने स्विचला, डिपरला आणि होल्डरला लावीत जा. जिथे आकडा एकदम वाढतो, तिथे गळती. डिपरवर ०.९ गळत होते. या जीपचा डिपर पायाने दाबायचा, जमिनीच्या पत्र्यावर असतो. पावसाळ्यातल्या चपला, चिखल, शेण सारे त्याच्यावरच पडते. तो न गंजेल तर नवल! उरलेले ०.८ मोठ्या स्विचमध्ये आणि जुन्या वायरींत जात होते.

पुढचे काम साधे, पण चिकाटीचे आहे. सर्वांत आधी बॅटरीची वायर काढून ठेवावी. दिव्याचा डबा जिथे मडगार्डला कसलेला असतो, तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करावा. नवा रंग दिलेल्या गाड्यांत हा दोष हटकून सापडतो, कारण रंग विजेला अडवितो. नातवाने हौसेने तीन हात रंग दिला आणि परतीची वाट आणखी बुजली. घासून झाल्यावर नुसते परत कसू नये. प्रत्येक दिव्याच्या डब्यापासून सांगाड्याच्या एका स्वच्छ बोल्टपर्यंत वेगळी वायर टाकावी आणि जोडावर थोडे व्हॅसलीन लावावे. बॅटरीपासून सांगाड्याकडे जाणारी जाड पट्टीही काढून घासावी. होल्डरमधील पितळी पत्त्या हिरव्या पडल्या असतील तर घासाव्या; ढिल्या असतील तर होल्डरच बदलावा. नानांचा डिपर आम्ही बदलला.

वायरी सोडविण्याआधी रंग लिहून घ्यावेत. ल्युकास पद्धतीच्या वायरिंगमध्ये बॅटरीकडून येणारी वायर तपकिरी, दिव्याच्या स्विचपासून डिपरपर्यंत निळी, अप्परची निळ्यावर पांढरी रेघ, डिपरची निळ्यावर तांबडी रेघ, मागच्या व बाजूच्या दिव्यांची तांबडी आणि अर्थची काळी असते. पन्नास वर्षांत अनेक हात फिरलेले असतात, त्यामुळे रंगावर पूर्ण विश्वास ठेवू नये. मी एका ट्रॅक्टरमध्ये घरातल्या पंख्याची वायर आणि सुतळीने बांधलेला जोड पाहिला आहे.

या एका रविवारच्या कामाने बल्बवर १२.३ व्होल्ट मिळू लागले. बल्ब तेच, जुने. नाना म्हणाले, "अरे, आमच्या बापाच्या वेळी असाच उजेड होता!"

आता दिव्याच्या आतल्या वाटीविषयी, म्हणजे रिफ्लेक्टरविषयी. तिचा मुलामा अतिशय नाजूक असतो. धुरकट दिसली म्हणून राखेने, दंतमंजनाने किंवा धोतराच्या कोरड्या फडक्याने घासणारे लोक मी पाहिले आहेत. एकदा घासले की मुलामा गेला, मग ती वाटी केवळ भिंतीवर टांगायच्या कामाची. बॅटरीत घालायच्या पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून ती नुसती खळबळावी, त्याच स्वच्छ पाण्याने धुवावी आणि सावलीत पालथी ठेवून वाळवावी. मुलामा काळा पडून सुटला असेल तर दिवाच नवा घ्यावा. जीप आणि ॲम्बॅसेडरचा सात इंची गोल दिवा अजून सर्रास मिळतो. घेताना काचेवरच्या रेघा पाहा. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून डिपरचा झोत डाव्या कडेला थोडा वर उचललेला असावा लागतो. परदेशी उजवीकडून चालणाऱ्या देशाची काच बसविली तर तोच झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

उजेड वाढवावयाचा असेल तर

गळती बंद झाल्यावर पुष्कळांचे समाधान होते. ज्यांना रात्री केळीच्या गाडीबरोबर लांब जावे लागते, त्यांनी पुढची पायरी घ्यावी. पण ती याच क्रमाने.

पहिली गोष्ट रिले. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आपणांस माहीत आहे. बोटाने हिरवे बटण दाबले की आतला चुंबक पट्टी ओढतो आणि मोठा प्रवाह त्या पट्टीतून मोटारीला जातो. बटणातून जात नाही. रिले म्हणजे असाच काडेपेटीएवढा स्टार्टर. जुना स्विच आणि डिपर यांनी फक्त रिलेला इशारा द्यायचा. दिव्याचा प्रवाह बॅटरीपासून नव्या जाड वायरीने, फ्यूज आणि रिलेमार्गे थेट बल्बकडे जातो. अप्परसाठी एक आणि डिपरसाठी एक, असे दोन रिले लागतात. त्यांच्या पायांवर आकडे छापलेले असतात : ३० वर बॅटरीची वायर, ८७ वरून दिव्याकडे, ८६ वर जुन्या डिपरची वायर आणि ८५ अर्थला. वायर अनेक तारांची, अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. फ्यूजशिवाय हे काम मुळीच करू नये. वायर घासून सांगाड्याला लागली तर गाडी पेटते. नानांच्या जीपला रिले लावल्यावर बल्बवर १२.९ व्होल्ट आले.

दुसरी गोष्ट हॅलोजन. जुना बल्ब ४५/४० वॅटचा. १९७१ पासून आलेला एच-फोर जातीचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा. त्याचा डिपरचा उजेड जुन्याच्या साधारण दीडपट आणि अप्परचा जवळजवळ दुप्पट असतो. त्याची बैठक मात्र जुन्या वाटीत बसत नाही. कानस घेऊन भोक मोठे करू नका. बल्बमधील तार एक-दोन मिलिमीटर सरकली तरी झोत फिस्कटतो. एच-फोरसाठीच बनविलेला सात इंची दिवा काचेसह घ्यावा.

डायनामोला हे झेपेल का? हिशेब करा. अप्परचे दोन बल्ब मिळून १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर. बाजूचे, मागचे आणि नंबरपाटीचे दिवे धरून आणखी २. ल्युकासचा सी-४० डायनामो २२ अँपिअरपर्यंत देतो. तेव्हा चालत्या गाडीत अडचण नाही. पण मंद इंजिनावर डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, म्हणून मळ्यात केळीचे घड भरताना इंजिन मंद ठेवून मोठे दिवे तासभर जाळू नयेत. बाजारात मिळणाऱ्या १००/९० वॅटच्या बल्बांच्या नादी तर लागूच नये. होल्डर वितळतो आणि समोरचा आंधळा होतो.

आणि एलईडी? मी एलईडीचा विरोधक नाही. माझ्या घरात तेच आहेत. पण जुन्या दिव्याची वाटी आणि काच बारीक तारेच्या हिशेबाने बनविलेली असते. एलईडीच्या चपट्या पट्टीचा उजेड त्या वाटीला नीट गोळा करता येत नाही. तो वर, आडवा, कुठेही फेकला जातो. नानांच्या नातवाचे तेच झाले. मागच्या तांबड्या दिव्यांसाठी मात्र एलईडी उत्तम. वीज कमी खातो, हादऱ्याने तार तुटण्याची भीती नाही. तारेच्या बल्बला प्लस-मायनसचे सोयरसुतक नसते, एलईडीला असते. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचा मायनस नव्हे तर प्लस सांगाड्याला जोडलेला असतो आणि अगदी जुन्या जीप ६ व्होल्टच्या आहेत, म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी बॅटरीवर नजर टाकावी.

शेवटी दिवा लावण्याची दिशा. सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करा. टायरांतील हवा बरोबर असू द्या. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा. डिपरच्या झोताची वरची कड या रेघेच्या साडेसात सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. दोन्ही दिव्यांची कड सारखी हवी. आपल्यासाठी एक जास्तीची सूचना : मागे ओझे भरले की गाडीचे नाक वर उठते आणि नीट लावलेला डिपरही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून नेहमी भरून चालणारी गाडी भरलेली असतानाच भिंतीसमोर उभी करावी.

कागदपत्रांचे थोडक्यात. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि त्या तपासणीत दिवे पाहतात. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांवरील खाजगी दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी 'विंटेज' नोंदणी आणली. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नानांचा नातू त्यासाठी उत्सुक होता. पण अशी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते आणि रोज रस्त्यावर वापरता येत नाही. मळ्यात रोज जाणाऱ्या जीपला ती नोंदणी कामाची नाही, हे त्याला पटले.

ट्रॉलीचा मागचा दिवा

आता कारण सांगतो.

कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट, चार वर्षांपूर्वीची. माझ्या मामेभावाची कापसाने भरलेली ट्रॉली अंधार पडल्यावर गावाकडे येत होती. मागून मोटारसायकलवर येणारा शेजारच्या गावचा मुलगा तिच्यावर आदळला. चोवीस वर्षांचा होता. दवाखान्यात नेईपर्यंत सारे आटोपले होते.

मामेभाऊ शपथेवर सांगत होता, की मागचा दिवा चालू होता. निघताना त्याने स्वतः पाहिला होता. दुसऱ्या दिवशी मी ट्रॉली पाहिली. बल्ब शाबूत होता, वायर शाबूत होती. त्या दिव्याला वेगळी अर्थची वायरच नव्हती. परतीची वाट होती ट्रॉलीचा दांडा आणि ट्रॅक्टरचा हूक यांच्यातून. तिथे ग्रीस, माती आणि गंज. रस्त्यावर खिळ चाळवली की दिवा लागे, पुन्हा जाई. तो खोटे बोलत नव्हता. त्या मुलाच्या आईला हे कसे सांगायचे? ते आम्हांला आजवर जमलेले नाही.

साठ किलोमीटर वेगाची मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. तिच्या डिपरमध्ये ३० मीटरवर काळी ट्रॉली दिसली, तर हाताशी दोन सेकंदही नसतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसावा लागतो. तेवढ्या अंतरात नऊ सेकंद मिळतात.

म्हणून ट्रॉलीला दोन तांबडे दिवे लावा, दोन्ही टोकांना. त्यांच्यासाठी ट्रॅक्टरपर्यंत वेगळी काळी अर्थ-वायर ओढा. हुकावर भरवसा ठेवू नका. जोडणीला सात पायांचा प्लग आणि सॉकेट मिळतो, तो घ्या आणि ट्रॉली सोडल्यावर प्लग मातीत लोंबू देऊ नका. फळीवर तांबडी रेडियमची पट्टी लावा. दिवा गेला तरी ती मागच्याच्या उजेडात चमकते. पण कापसाची गंजी किंवा कडब्याच्या पेंढ्या लोंबून ती झाकली जाते, तेव्हा भरून झाल्यावर एकदा मागे जाऊन पाहा. बैलगाडीलाही हीच पट्टी लावावी. तिला तर दुसरा दिवाच नसतो.

मामेभावाच्या घरी आता वहिनी किंवा मुलगी ट्रॉलीमागे जाऊन उभी राहते. तो दिवे लावतो, दांडा दोन-तीनदा हलवितो आणि मागून "दोन्ही लागले" असा आवाज आला की मगच ट्रॅक्टर हलवितो.